नागपूर ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

गेल्या काही वर्षांत आपल्या निवासी शाळेच्या पालकसभेत एक नवा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. पूर्वी पालक विचारीत, वर्ध्याहून पुणे किती तासांचे? मुंबईला जागा मिळाली तर पोराला पाठवायचे कसे? आता राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीने किंवा केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपने आपले माजी विद्यार्थी इंग्लंड-अमेरिकेच्या विद्यापीठांपर्यंत पोहोचू लागले आहेत आणि सेलू, देवळी, समुद्रपूरकडचे आई-बाप विचारतात, "सर, अमेरिका म्हणजे नेमकी किती लांब हो?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. मोबाइलवर पाहिले तर नागपूर ते न्यूयॉर्क सुमारे १२,६०० किलोमीटर दिसते. तिकीट पाहिले तर एकूण प्रवास बावीस ते तीस तासांचा दिसतो. त्याच तिकिटावर दिल्लीहून रात्री दोनला निघालेले विमान न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी सातला उतरते असे छापलेले असते, म्हणजे वजाबाकी केली तर प्रवास पाच तासांचा. यांतले एकही उत्तर खोटे नाही. प्रत्येक उत्तर वेगळी गोष्ट मोजते, एवढेच. ती कशी मोजली जाते हे समजले की तिकीट वाचणे सोपे होते आणि लेकराला दूर पाठवताना मनात जी धास्ती असते तिचेही नेमके माप कळते. म्हणून या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने थोडी भूगोलाच्या तासात घुसखोरी करायचे ठरवले आहे.

आरंभ अंतरापासून करू. वर्गाच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा आपल्या सर्वांच्या डोळ्यांत बसलेला आहे. त्यात भारत उजवीकडे, अमेरिका डावीकडे. नागपूर आणि न्यूयॉर्क यांवर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती अरबी समुद्र, अरबस्तान, आफ्रिकेचे उत्तर टोक आणि अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत पोहोचते. बहुतेकांना विमान असेच जात असावे असे वाटते. प्रत्यक्षात या मार्गाने कोणी गेलेच तर त्याला जवळपास १४,६०० किलोमीटर कापावे लागतील, म्हणजे गरजेपेक्षा दोन हजार किलोमीटर अधिक. कारण पृथ्वी गोल आहे आणि भिंतीवरचा कागद सपाट आहे. गोलाची साल कागदावर पसरायची तर ती कुठे तरी ताणावीच लागते. या नकाशात ती उत्तर आणि दक्षिण ध्रुवांकडे ताणलेली असते, म्हणूनच त्यात ग्रीनलंड भारतापेक्षा कितीतरी मोठे दिसते. वस्तुतः क्षेत्रफळाने भारत ग्रीनलंडहून मोठा आहे.

खरे अंतर पाहायचे तर प्रयोगशाळेच्या कपाटातला पृथ्वीगोल काढावा आणि एक दोरा घ्यावा. दोऱ्याचे एक टोक नागपूरवर, दुसरे न्यूयॉर्कवर धरावे आणि दोरा ताणावा. तो पश्चिमेकडे जाण्याऐवजी आपसूक उत्तरेकडे सरकतो. दिल्लीच्या पश्चिमेस सुमारे दीडशे किलोमीटरवरून निघून पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया असा चढत जातो, नॉर्वेच्या उत्तर भागावरून समुद्रात शिरतो, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर जाऊन ग्रीनलंडचा दक्षिण भाग गाठतो आणि मग कॅनडातील लॅब्रॅडॉरवरून खाली उतरत न्यूयॉर्कला येतो. हाच सर्वांत जवळचा मार्ग. गणितात याला बृहद्वृत्त म्हणतात, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या मोठ्या वर्तुळाचा तुकडा. आठवी-नववीच्या मुलांसमोर हा दोरा ताणला की पहिल्यांदा कोणाचाच विश्वास बसत नाही. मग एकेक जण उठून स्वतः दोरा ताणून पाहतो. हे मला फार आवडते. गुरुजी सांगतात म्हणून मान हलवण्यापेक्षा ते शतपटीने बरे.

या दोऱ्यातून एक गंमत बाहेर पडते आणि ती आपल्या भागातल्या प्रवाशाला उपयोगी आहे. आपल्याकडे परदेश म्हटले की आधी मुंबई, अशी समजूत रुळलेली आहे. आता हिशेब पाहा. नागपूर ते न्यूयॉर्क १२,६०० किलोमीटर. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५३० किलोमीटर. म्हणजे नागपूरहून ६८५ किलोमीटर उडून मुंबईला गेल्यावर आपण न्यूयॉर्कच्या जेमतेम सत्तर किलोमीटर जवळ येतो, वर्ध्याहून नागपूरला गेल्याइतके! उलट दिल्ली नागपूरपासून सुमारे ८५५ किलोमीटर उत्तरेला आहे आणि दिल्ली ते न्यूयॉर्क ११,७५५ किलोमीटर भरते. या दोहोंची बेरीज १२,६१० होते. दिल्लीमार्गे गेल्याने वाट अवघी दहा किलोमीटर वाढते, मुंबईमार्गे गेल्याने सहाशेहून अधिक. दोहासारख्या आखाती शहरातून गेले तर नागपूर ते दोहा २,८४० आणि दोहा ते न्यूयॉर्क १०,७७०, एकूण १३,६०० च्या घरात, म्हणजे हजार किलोमीटरचा वळसा. याचा अर्थ दिल्लीचेच तिकीट घ्यावे असा नव्हे. भाडे, मध्ये थांबायचे तास, सामानाची मर्यादा हे सगळे पाहावे लागते आणि हजार किलोमीटर म्हणजे विमानाला जास्तीचा एक-सव्वा तास. परंतु मुंबईला गेलो म्हणजे निम्मा पल्ला आटोपला, हा समज तरी सोडून द्यावा.

विमान आणि जहाज यांच्या जगात किलोमीटरऐवजी सागरी मैल चालतो. तो १.८५२ किलोमीटरचा. हा विचित्र आकडा कुठून आला याचे उत्तरही त्याच गोलात आहे. पृथ्वीचा पूर्ण घेर ३६० अंशांचा, प्रत्येक अंशाचे ६० भाग, त्यांना कला म्हणतात. घेराच्या एका कलेचे अंतर म्हणजे एक सागरी मैल. नागपूर आणि न्यूयॉर्क यांच्यामधला कंस सुमारे ११३.३ अंशांचा आहे. त्याला ६० ने गुणले की ६,८०० सागरी मैल येतात आणि त्यांचे किलोमीटर केले की पुन्हा आपले १२,६०० हजर. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर असल्याने कोणतीही दोन गावे एकमेकांपासून २०,००० किलोमीटरपेक्षा दूर असूच शकत नाहीत, हेही जाता जाता लक्षात ठेवावे. आजघडीला सिंगापूर ते न्यूयॉर्क हे सुमारे १५,३०० किलोमीटरचे अंतर विमान मध्ये कुठेही न उतरता साडेअठरा तासांच्या आसपास कापते. त्या तुलनेत आपले न्यूयॉर्क जवळच म्हणायचे.

आता वेळ. मोठी प्रवासी विमाने तासाला सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातात. १२,६०० ला ९०० ने भागले की चौदा तास. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यांचा अर्धा तास मिळवावा. नागपूरहून थेट विमान असते तर साडेचौदा तास, असे कागदावर म्हणता येईल. पण कागदावर वारा नसतो.

जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, ज्या उंचीवर ही विमाने उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे प्रचंड वेगाचे वारे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग काही ठिकाणी तासाला दोनशे किलोमीटरच्या वर जातो आणि हिवाळ्यात ते अधिक जोरात असतात. अमेरिकेला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. सबंध वाटेवर सरासरी पन्नास किलोमीटरचा विरोध धरला तरी जाताना वेग ८५० आणि येताना ९५० होतो. जायला पंधरा तास आणि यायला साडेतेरा, हा फरक तेथून येतो. वैमानिक जाताना प्रवाह टाळणारा आणि येताना तो पकडणारा मार्ग शोधतात. म्हणून एकच विमान एकाच दोन शहरांमध्ये रोज थोड्या वेगळ्या वाटेने जाते आणि कधी अर्धा तास आधी, कधी उशिरा पोहोचते.

येथे एक चुकीचे स्पष्टीकरण फार फिरते, ते खोडले पाहिजे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान पश्चिमेला निघाले की अमेरिका स्वतःच फिरून पुढ्यात यायला हवी आणि जाणे लवकर व्हायला हवे, असे पुष्कळ शिकलेली माणसेही म्हणतात. तसे होत नाही, कारण पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरत असते आणि विमान त्या हवेत तरंगते. धावत्या रेल्वेच्या डब्यात चेंडू वर फेकला तर तो आपल्याच हातात पडतो, मागच्या बाकावर जात नाही. तसेच हे आहे. फरक पडतो तो वाऱ्याने.

तिसरी गोष्ट सरहद्दींची. दोरा पाकिस्तानावरून जातो, रशियावरून जातो. पण आकाशालाही मालक असतात. २०१९ मध्ये काही महिने आणि त्यानंतर पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले. तेव्हा दिल्लीहून अमेरिकेकडे निघणाऱ्या भारतीय विमानांना आधी नैर्ऋत्येला अरबी समुद्राकडे वळून मग पुढे जावे लागले. प्रवास लांबला आणि काही विमानांना इंधनासाठी वाटेत युरोपात उतरावे लागले. २०२२ पासून, युक्रेनच्या युद्धानंतर, अमेरिकी विमाने रशियावरून जात नाहीत. म्हणजे दोन विमानतळांमधले अंतर जरी गणिताने ठरत असले तरी त्यासाठी लागणारा वेळ हा शेजाऱ्याशी भांडण आहे की नाही यावरही ठरतो. तिकीट काढताना दोन कंपन्यांच्या त्याच मार्गाच्या वेळांत तास-दोन तासांची तफावत दिसली तर तिचे एक कारण हे असू शकते.

हे १२,६०० किलोमीटर शंभर वर्षांपूर्वीही तेवढेच होते, आणि आपल्या समाजाच्या इतिहासात तर हीच वाट सर्वांत महत्त्वाची आहे. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदारांचे निधन झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी, ४ जून १९१३ रोजी, तरुण भीमरावांनी बडोदा संस्थानाशी शिष्यवृत्तीचा करार केला. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या काळी मुंबईहून न्यूयॉर्कला जायचे म्हणजे सुवेझ कालव्यातून युरोप गाठायचे आणि तिथून दुसऱ्या बोटीने अटलांटिक ओलांडायचा. पहिल्या टप्प्याला दोन-अडीच आठवडे, दुसऱ्याला आणखी आठवडा-दीड आठवडा. पत्रेही बोटीनेच येत-जात. घरी काही बरेवाईट झाले तर त्याची सविस्तर हकिकत मुलाच्या हाती पडायला महिना लागे आणि परत यायचे ठरवले तर आणखी महिना. रमाईंनी ती वर्षे मुंबईत कशी काढली याचा विचार करताना हा महिन्यांचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा.

समुद्राची वाट त्या दिवसांत केवळ लांब नव्हती, ती भरवशाचीही नव्हती. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. ज्या बोटीने त्यांचे सामान निघाले होते ती पाणतीराने बुडाली आणि मोठ्या कष्टाने जमवलेली ग्रंथसंपदा समुद्रात गेली.

त्याच न्यूयॉर्कला बाबासाहेब १९५२ मध्येही गेले. कोलंबिया विद्यापीठाने ५ जून १९५२ रोजी त्यांना एलएल.डी. ही सन्मान्य पदवी दिली. या वेळी ते मुंबईहून विमानाने गेले. त्या काळची पंख्याची विमाने आजच्या जेट विमानांच्या जवळपास निम्म्या वेगाने जात आणि इंधनासाठी टप्प्याटप्प्याने उतरत. तरीही जिथे १९१३ मध्ये आठवडेच्या आठवडे लागले होते तिथे आता दोन-तीन दिवसांत पोहोचता येत होते. एअर इंडियाचे जेट विमान न्यूयॉर्कला जाऊ लागले १९६० मध्ये, तेही लंडनमार्गे. मुंबईहून न्यूयॉर्कला कुठेही न थांबता जाणारी सेवा त्या कंपनीने सुरू केली ती २००७ मध्ये. दोन शहरे तीच, १९१३ ते २००७ या चौऱ्याण्णव वर्षांत प्रवास जवळपास महिन्यावरून सोळा तासांच्या आत आला.

नागपूरचाही या कथेत वाटा आहे. भारताच्या नकाशात नागपूर मध्यावर आहे, याचे आपण नुसते कौतुक करतो. टपाल खात्याने त्याचा उपयोग केला. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून संध्याकाळनंतर एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरला जमत. थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. मुंबई ६८५, दिल्ली ८५५, मद्रास ९१० आणि कलकत्ता ९८५ किलोमीटर, अशी ही चारही शहरे नागपूरपासून कमी-अधिक सारख्या अंतरावर असल्यानेच हे जमले. ज्या सोनेगावच्या धावपट्टीवर हे चाले, तिथल्या विमानतळाला २००५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ असे नाव मिळाले. नाव समर्पकच आहे. धम्मदीक्षेसाठी ११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब दिल्लीहून नागपूरला आले ते विमानानेच. त्याच वेळी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून लोक पांढरी वस्त्रे घेऊन रेल्वेने, बैलगाडीने आणि पायी नागपूरच्या वाटेला लागलेले होते. आणि त्यानंतर आठच आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, त्यांचा पार्थिव देह दिल्लीहून मुंबईला नेण्यासाठी पुन्हा विमानच करावे लागले. रेल्वेने गेले असते तर ७ डिसेंबरला दादरला अंत्यसंस्कार होणे कठीण होते.

आता घड्याळाकडे वळू, कारण सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो. विमानाच्या तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथे घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. त्यामुळे जानेवारीत दिल्लीहून रात्री दोनला निघून त्याच दिवशी सकाळी सातला उतरणाऱ्या विमानाचा खरा प्रवास पाच अधिक साडेदहा, म्हणजे साडेपंधरा तासांचा असतो. उलट न्यूयॉर्कहून दुपारी एकला निघालेले विमान दिल्लीत दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला उतरते तेव्हा कॅलेंडरवर साडेचोवीस तास दिसतात. त्यातून साडेदहा वजा करावे, उरतात चौदा. जाताना मिळवावे, येताना वजा करावे, एवढे सूत्र पुरेसे आहे.

आपल्या घरांत याचा अनुभव एप्रिलमध्ये येतो. १३ एप्रिलच्या रात्री बारा वाजता वस्तीत फटाके सुरू होतात, जयघोष होतो आणि कोणीतरी हौसेने अमेरिकेतल्या पोराला फोन लावतो. तिथे तेव्हा १३ एप्रिलच्या दुपारचे अडीच वाजलेले असतात, पोरगा वर्गात बसलेला असतो. त्याने फोन उचलला नाही म्हणून रुसू नये.

सर्वांत शेवटी येते ते घरापासून घरापर्यंतचे अंतर, आणि आई-बापाच्या प्रश्नात खरे तर हेच दडलेले असते. वर्ध्याहून विमानतळ दीड-दोन तास. आष्टी-कारंजाकडच्यांना त्याहून जास्त. देशांतर्गत विमानाच्या आधी दोन तास हजर राहावे लागते. नागपूर ते दिल्ली पावणेदोन तास. दिल्लीत विमान बदलायला किमान चार-पाच तास हाताशी असावेत. पुढे साडेपंधरा तास आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर पासपोर्ट तपासणी व सामान यांत दोन तास. बेरीज अठ्ठावीसच्या आसपास जाते. त्यातले हवेतले तास सतराच, बाकीचे अकरा जमिनीवर वाट पाहण्यात जातात. तुलनेसाठी म्हणून सांगतो, वर्धा ते मुंबई रेल्वेने ७५८ किलोमीटर आहे आणि आपण संध्याकाळी गाडीत बसून सकाळी उतरतो, म्हणजे बारा-चौदा तास. अमेरिकेचे विमान जेवढ्या वेळात महासागर ओलांडते तेवढाच हा वेळ.

जमिनीवरचे हे अकरा तास नीट पार पडावेत म्हणून दोन गोष्टी सांभाळाव्यात. नागपूरपासून न्यूयॉर्कपर्यंतचा सगळा प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावा. वेगवेगळी तिकिटे कधी कधी स्वस्त पडतात, पण नागपूरचे विमान उशिरा आले आणि दिल्लीचे सुटले तर वेगळ्या तिकिटाची जबाबदारी कोणी घेत नाही. एकच तिकीट असेल तर पुढच्या विमानात बसवून देणे कंपनीचे काम असते. दुसरे, वाट युरोपातून असेल तर मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो की नाही हे आधी पाहावे. वर सांगितलेल्या दोन्ही शिष्यवृत्त्यांत विमानभाड्याची तरतूद आहे. मात्र कोणत्या वर्गाचे आणि कोणत्या मार्गाचे तिकीट चालते हे आदेशात वाचल्याशिवाय तिकीट काढू नये.

पालकसभेतला खरा प्रश्न बहुधा सभा संपल्यावर, चपला घालताना विचारला जातो. घरात कोणाचे काही झाले तर पोरगी वेळेत पोहोचेल का? याचे उत्तर गोलमाल देऊ नये, हिशेबाने द्यावे. समजा जानेवारीतल्या सोमवारी सकाळी साडेआठला वर्ध्यात वाईट घटना घडली आणि लगेच फोन केला. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा रविवारच्या रात्रीचे दहा वाजलेले असतील. त्या रात्रीचे विमान मिळणे कठीण. दुसऱ्या दिवशी दुपारी एकचे मिळाले तर ती मंगळवारी दुपारी दीडला दिल्लीत उतरेल. सामान, तपासणी, संध्याकाळचे नागपूरचे विमान आणि पुढची गाडी धरून घरी पोहोचायला मंगळवारी रात्रीचे दहा वाजतील. फोन केल्यापासून साडेसदतीस तास. यात विमान चुकणे, धुके, जागा न मिळणे धरलेले नाही, आणि जानेवारीत दिल्लीचे धुके तर ठरलेलेच. अंत्यविधी थांबवायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे, पण ठरवताना दीड ते दोन दिवस हा आकडा धरावा आणि मुलीला फोनवर स्पष्ट सांगावे. आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या घरच्यांनी आजीच्या निधनानंतर तिला दोन दिवस कळवलेच नाही, अभ्यास बुडेल म्हणून. ती अजूनही ते विसरलेली नाही.

आणि घाईत निघणाऱ्या मुलांसाठी एक सूचना. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी आय-२० या कागदावर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाची प्रवासाची सही आधीच घेऊन ठेवावी. ती साधारणपणे एक वर्ष चालते. सही नसेल तर घरी येता येते, परत जाताना मात्र विमानतळावर अडचण होऊ शकते. दर वर्षी सत्र सुरू होताच पहिल्या आठवड्यात ही सही घ्यावी आणि पासपोर्ट, व्हिसा व तो कागद यांची एकेक प्रत घरी वर्ध्यालाही ठेवावी.